वर्गातली झाडं मे महिना कशी पार करतील: सोलापूरच्या शाळांमधल्या पर्यावरण क्लबसाठी

शाळेतली कुंडी बहुतेक वेळा दोनच वेळी मरते. एक तर ऑगस्टमध्ये, येणारा-जाणारा प्रत्येक जण आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी तिच्यात ओततो म्हणून. नाही तर मे महिन्यात, कुलूपबंद वर्गात तिच्याकडे कुणीच बघत नाही म्हणून. कीड, खत, प्रकाश यांचेही प्रश्न असतात, पण हे दोन सुटले की बाकीचे आवाक्यात येतात. म्हणून खाली पाण्याबद्दल आणि सुट्टीबद्दल जास्त लिहिलं आहे, बाकीचं लागेल तेवढंच.

सुरुवात कधी करायची? जागतिक पर्यावरण दिन 5 जूनला असतो आणि त्या दिवशी आपल्या शाळा सुट्टीवर असतात. झाडांच्या दृष्टीनं ते बरंच आहे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात हवेत ओल आलेली असते, ऊन मवाळ झालेलं असतं, नवीन लावलेलं रोप पटकन मूळ धरतं. जानेवारीत सुरू केलं तर वाढ जवळजवळ थांबलेली असते. मार्चमध्ये सुरू केलं तर मुळं पसरायच्या आत उन्हाळा गाठतो.

किती आणि कोणती झाडं

पहिल्या वर्षी 20 कुंड्या पुरेत. एका कुंडीला दोन मुलं, म्हणजे 40 मुलांचा क्लब. उत्साहात शंभर कुंड्या आणल्या की डिसेंबरपर्यंत तीस उरतात आणि मुलांना वाटतं की आपल्या हाताला गुण नाही.

सोलापूरच्या कोरड्या हवेत, पंख्याखाली, कमी-अधिक उजेडात टिकणारी झाडं मोजकीच आहेत. 20 पैकी 6 स्नेक प्लांट, 5 मनी प्लांट, 4 स्पायडर प्लांट, 3 झेडझेड प्लांट आणि 2 सिंगोनियम असा संच धरा. अरेका पाम आणि पीस लिली नर्सरीत फार देखणी दिसतात, पण इथल्या मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्या पानांची टोकं करपतात आणि पीस लिली तर दर दोन दिवसांनी मान टाकते. ती दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. फर्न विसरा.

डिफेनबाखिया शाळेत आणूच नका. तिच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, जीभ सुजते. मनी प्लांट, सिंगोनियम, झेडझेड यांतही हेच स्फटिक असतात. म्हणून ही तीन झाडं पाचवीच्या वरच्या वर्गांत ठेवा आणि छाटणीनंतर हात साबणानं धुण्याची सवय लावा. बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या वर्गात स्पायडर प्लांट निर्धोक.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. ‘वर्गातली हवा शुद्ध करणारी झाडं’ अशी पाटी लावू नका. ही समजूत मुख्यतः नासाच्या 1989 मधल्या प्रयोगावरून पसरली, आणि तो प्रयोग छोट्या हवाबंद पेटीत केला होता. 2019 मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. उघड्या खिडकीतून जेवढी हवा बदलते तेवढा परिणाम साधायला दर चौरस मीटर जमिनीला 10 ते 1000 झाडं लागतील, असं त्यातून निघालं. 40 चौरस मीटरच्या वर्गात कमीत कमी 400 कुंड्या! बाकं कुठे ठेवणार? खिडक्या उघडा, झाडं झाडं म्हणून सांभाळा. नावाच्या पाटीवर झाडाचं नाव, कुंडीचा क्रमांक आणि जोडीची नावं एवढंच पुरे. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी मुलं वर्गात असतील तर झाडाचं नाव त्या लिपीतही लिहून घ्या, पाट्या रंगवायला मुलं स्वतःहून पुढे येतात.

जागा

खिडकीपाशी पांढरा कागद ठेवा आणि भर दुपारी त्याच्यावर वीत-दीड वीत उंचीवर हात धरा. सावलीची बोटं वेगळी, ठसठशीत दिसली तर तिथे ऊन जास्त आहे: कोरफड चालेल, बाकी नाही. सावली पुसट पण हाताच्या आकाराची दिसली तर ती जागा मनी प्लांट, स्पायडर आणि सिंगोनियमची. सावली जेमतेम कळत असेल तर फक्त स्नेक प्लांट आणि झेडझेड. सावलीच पडत नसेल तिथे कुंडी नको, मग मुख्याध्यापकांच्या केबिनचा कोपरा असला तरी.

पश्चिमेची खिडकी जुलैत चांगली वाटते आणि मार्चमध्ये दगा देते. दुपारी तीननंतरचं ऊन काचेतून थेट पानावर आलं की पानावर फिकट, कागदासारखे चट्टे पडतात. ते पुन्हा हिरवे होत नाहीत. फेब्रुवारीच्या शेवटी पश्चिमेच्या सगळ्या कुंड्या उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीत हलवायच्या, हे क्लबच्या वहीत आधीच लिहून ठेवा.

दोन जागा टाळा. फळ्याखालची, कारण खडूची भुकटी पानांवर बसते. आणि पंख्याच्या थेट खालची, कारण तिथली कुंडी इतरांच्या दुप्पट वेगानं सुकते आणि मग सगळ्यांचं वेळापत्रक बिघडवते. रस्त्याची धूळ तर आपल्याकडे आहेच, आणि यंत्रमागाच्या भागातल्या शाळांमध्ये सुताचा बारीक कापूसही उडत येतो. दर शनिवारी ओल्या, मऊ फडक्यानं पान खालून तळहाताचा आधार देऊन पुसायचं, दोन्ही बाजूंनी. चमक आणायला तेल किंवा दूध लावायचं नाही, त्याच्यावर धूळ अजून चिकटते. पुसून झालं की कुंडी पाव फेरा फिरवून ठेवायची, नाही तर झाड एकाच बाजूला कलतं.

माती

आपली काळी माती शेताला सोनं असेल, कुंडीत ती वैरीण आहे. ओली झाली की फुगून चिखल होते, हवा कोंडते. सुकली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. बशीत पाणी दिसतं, मुलांना वाटतं पाणी पोचलं, आणि आतला गोळा कोरडाच राहतो.

8 इंची कुंडीत साधारण 4 लिटर मिश्रण बसतं. 20 कुंड्यांना 80 लिटर, पण बारीक माल जाड मालाच्या फटीत बसून मिश्रण थोडं कमी भरतं, म्हणून 10 लिटरच्या बादलीनं 10 बादल्या माल घ्या:

4 बादल्या भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा)
2 बादल्या गांडूळखत
2 बादल्या जाड वाळू किंवा हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे
2 बादल्या चाळलेली लाल माती
निंबोळी पेंड 10 मुठी

650 ग्रॅमची कोकोपीटची वीट चार-साडेचार लिटर पाण्यात भिजवली की सुमारे 8 लिटर होते. म्हणजे पाच विटा लागतील. स्वस्त कोकोपीटमध्ये मीठ असतं. भिजवल्यावर बारदानात घालून पिळायचं, पुन्हा पाणी घालून पुन्हा पिळायचं. ही पायरी गाळली तर दोन महिन्यांत स्पायडर प्लांटची टोकं तपकिरी होतात आणि कारण कुणालाच कळत नाही. लाल माती मिळालीच नाही तर एक बादली काळी माती आणि एक बादली बारीक मुरूम चालेल, त्याहून जास्त काळी नको. स्नेक प्लांट, झेडझेडसाठी याच मिश्रणात प्रत्येक कुंडीमागे आणखी एक तांब्या वाळू.

मिश्रण ओलसर करूनच कालवा, सुक्याची धूळ नाकात जाते. हातमोजे असलेले बरे.

तळाला खडीचा थर घालायची जुनी पद्धत सोडून द्या. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडून राहतं. म्हणजे ओल मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर एक खापरी उपडी ठेवली की काम झालं. कुंडी प्लास्टिकची घ्या, तळाला किमान चार भोकं असलेली. मातीच्या कुंडीच्या अंगातूनही पाणी उडतं, ती आपल्या हवेत फार लवकर सुकते. स्नेक प्लांटला मात्र मातीची उत्तम. वरून दोन बोटं जागा मोकळी सोडा, नाही तर पाणी जमिनीवर आणि शिपाईकाका तुमच्यावर.

पाणी: दिवस मोजू नका, वजन मोजा

‘सोमवारी आणि गुरुवारी पाणी’ असा तक्ता भिंतीवर लावला की झाडं कुजायला लागतात. जुलैच्या झडीत आणि मार्चच्या झळांत एकच कुंडी सारख्या वेगानं सुकत नाही. बोट खुपसून पाहणं घरी चालतं. शाळेत चाळीस बोटांचा चाळीस तऱ्हेचा अंदाज निघतो. वजनावर वाद होत नाही.

विज्ञानाच्या प्रयोगशाळेतला ताणकाटा किंवा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. ताणकाटा 5 किलोपर्यंतचा हवा, कुंडी सुतळीच्या शिंकाळ्यात बसवून टांगायची. पहिल्यांदा कुंडीला खालून पाणी निथळेपर्यंत घाला, अर्धा तास थांबा, वजन करा. हे झालं ‘ओलं वजन’. मग रोज त्याच वेळी वजन करत राहा. वरची दोन बोटं माती सुकलेली आणि पान अजून ताठ असलेलं, त्या दिवशीचं वजन म्हणजे ‘पाण्याचं वजन’. समजा मनी प्लांटची कुंडी ओली 2.9 किलो आणि पाण्याची वेळ आली तेव्हा 2.3 किलो भरली, तर पाटीच्या मागे 2.3 लिहा. स्नेक प्लांट आणि झेडझेडला याहून थांबायचं: माती खालपर्यंत सुकली, वजन उतरायचं थांबलं, त्यानंतर आणखी चार दिवस. पंधरा दिवसांत मुलं काट्याशिवाय नुसती कुंडी उचलून सांगू लागतात. तेच शिकायचं आहे. त्यानंतर काटा आठवड्यातून एकदाच.

वजन उतरलं की पाणी भरपूर घाला, साधारण अर्धा ते पाऊण लिटर, झारीनं, पूर्ण पृष्ठभागावर, खालून निथळेपर्यंत. वीस मिनिटांनी बशीतलं पाणी ओतून द्यायचं. रोज थोडं थोडं घोटभर पाणी देणं सगळ्यांत वाईट: वरचा थर सतत ओला, त्याच्यात चिलटं, आणि खालची मुळं तहानलेली.

कुंडी फार सुकली असेल तर कोकोपीट पाणी घेत नाही, पाणी कडेनं वाहून जातं. अशा वेळी अर्धी बादली पाण्यात कुंडी वीस मिनिटं बुडवून ठेवा. बुडबुडे थांबले की काढा, निथळा.

आता ज्या चुकीनं सर्वाधिक झाडं जातात ती. पान मलूल होऊन लोंबतं, मुलं धावत जाऊन पाणी घालतात. आधी कुंडी उचला. हलकी असेल तर तहान आहे, पाणी घाला, संध्याकाळपर्यंत झाड उभं राहील. जड असूनही पान लोंबत असेल तर मुळं कुजली आहेत. त्यांना पाणी ओढता येत नाही म्हणून झाड मलूल दिसतं, आणि आणखी पाणी म्हणजे आणखी कूज. तेव्हा झाड कुंडीतून काढा, मुळं झटका. पांढरट, कडक मुळं ठेवा. तपकिरी, लिबलिबीत, घाण वास येणारी मुळं स्वच्छ कात्रीनं कापून टाका. स्नेक प्लांट आणि झेडझेड असेल तर दोन दिवस सावलीत उघडं सुकू द्या, मनी प्लांट असेल तर तासभर पुरे. मग लहान कुंडीत, नव्या मिश्रणात लावा. मोठ्या कुंडीत पुन्हा लावलं तर तीच कथा.

येता-जाता ओतणाऱ्यांचा बंदोबस्त कपड्यांच्या चिमट्यानं होतो. कुंडीच्या काठाला लाल चिमटा असेल तर पाणी बंद, हिरवा असेल तर आज पाणी हवं. चिमटा बदलायचा हक्क फक्त त्या कुंडीच्या जोडीला. जोडीत एक मूल आठवीचं आणि एक सहावीचं घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी शिकवणारं कुणी तरी उरतं. वहीत चारच रकाने: तारीख, वजन, पाणी दिलं का, काय दिसलं. पाचवा रकाना वाढवला की वही भरायची बंद होते. आणि डब्यातला रस्सा, साखरेचा चहा, सरबत कुंडीत पडता कामा नये. मुंग्या आणि बुरशी दोन्ही येतात.

कुठलं पाणी

उजनी धरणाचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं, मधल्या काळात शाळा बोअरवर चालते, आणि इथलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. कुंडीच्या काठावर, मातीवर पांढरा थर चढतो तो त्यातल्या क्षारांचा. पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर एखाद्या पालकांकडे किंवा फिल्टरवाल्याकडे असतोच, एकदा मोजून घ्या. 500 च्या आत असेल तर निश्चिंत राहा. 1000 च्या पुढे असेल तर स्पायडर प्लांटची टोकं जळणारच.

आरओ मशीनच्या बाजूच्या नळीतून वाया जाणारं पाणी झाडांना घालावं असं सगळ्यांना सुचतं. घालू नका. मशीननं प्यायच्या पाण्यातून काढलेले क्षार त्यातच साठलेले असतात, ते मूळच्या बोअरपेक्षाही जड. फरशी पुसायला, स्वच्छतागृहाला ते वापरा. याउलट संगणक कक्षाच्या एसीतून गळणारं पाणी जवळजवळ क्षाररहित असतं, त्याच्याखाली बादली ठेवा.

सगळ्यांत चांगलं पावसाचं. 1 चौरस मीटर छतावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. 20 चौरस मीटरच्या पत्र्याची पन्हाळ 200 लिटरच्या ड्रमकडे वळवली तर 10 ते 12 मिलिमीटरच्या एका सरीत तो जवळपास भरतो. मोसमातली पहिली सर सोडून द्या, तिच्यात वर्षभराची धूळ असते. 20 कुंड्यांना आठवड्याला 12 लिटर धरलं तर हा ड्रम सोळा आठवडे पुरतो. तोंडावर बारीक कापड बांधून वर झाकण. कापड सैल असेल तर डासांचं पाळणाघर तयार.

साठलेले क्षार धुवायला 4 लिटरच्या कुंडीतून 8 लिटर पाणी जाऊ द्यावं लागतं. आपल्या गावात एवढं पाणी कुणी देणार नाही आणि देऊही नये. त्यावर फुकटचा उपाय: जुलै-ऑगस्टमध्ये चांगला पाऊस लागलेला दिवस बघून सगळ्या कुंड्या, बश्या काढून, पटांगणात ठेवा आणि शाळा सुटायच्या आत परत आत घ्या. पानंही धुतली जातात. ढग हटून ऊन पडलं तर मात्र लगेच आत, कारण सावलीतलं पान तासाभरात भाजतं.

पाण्यात वाढवलेला मनी प्लांट प्रत्येक वर्गाला हवा असतो. बाटलीतलं पाणी आठवड्याला पूर्ण ओतून, बाटली आतून घासून पुन्हा भरायची. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी काठाला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत. शाळेत कोरडा दिवस पाळत असाल तर त्याच दिवशी हे काम करा.

खत आणि कीड

खताबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जून ते ऑक्टोबर दर दोन महिन्यांनी एक मूठ गांडूळखत, बस. पाण्यात विरघळणारं 19:19:19 खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) असेल तर लिटरला 1 ग्रॅम, महिन्यातून एकदा, ओल्या मातीवर. थंडीत आणि एप्रिल-मेमध्ये काहीच नाही. शेंगदाण्याची पेंड आपल्याकडे सहज मिळते, पण बंद वर्गात तिचा वास दोन दिवस कुणाला बसू देणार नाही. शेंगांची टरफलं मात्र कामाची: मातीवर एक बोट जाडीचा थर दिला की ओल टिकते. टरफलं आधी धुवा, खारवलेल्या शेंगांची असतील तर टाकून द्या. हा थर फेब्रुवारीत घाला. पावसाळ्यात घातलात तर खाली बुरशी धरेल.

फेब्रुवारीपासून पानाच्या मागे बारीक ठिपके आणि जाळी दिसली तर तो लाल कोळी. कोरडी, गरम हवा त्याला मानवते. पांढऱ्या कागदावर पान झटका, ठिपके चालू लागले तर खात्री झाली. पहिला उपाय नुसतं पाणी: कुंडीच्या तोंडाला पिशवी बांधून पानांची मागची बाजू नळाखाली धुवायची, तीन दिवसांआड तीनदा. भागलं नाही तर 1 लिटर कोमट पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि 2 मिली सौम्य द्रव साबण, घुसळून, शाळा सुटल्यावर फवारायचं. आधी एकाच पानावर मारून एक दिवस बघा. तेल फवारून कुंडी उन्हात ठेवली की पान करपतं.

देठाच्या बेचक्यात कापसाचे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. कानात घालायच्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक टिपायचा. हे काम सरांनी किंवा बाईंनी करायचं, स्पिरिट पेट घेतं. कुंडीभोवती चिलटं उडत असतील तर औषध शोधू नका, पाणी जास्त होतंय. वरचा थर सुकू द्या आणि पिवळा चिकट कागद खोचून ठेवा. कीड लागलेली कुंडी आधी बाजूला, बाकी सगळं नंतर.

मे महिना

दिवाळीच्या सुट्टीत निघायच्या दिवशी भरपूर पाणी घालून कुंड्या खिडकीपासून दोन हात आत सरकवल्या की पुरतं. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुमाराच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, सुट्टीत तर काहीच करायला नको, तेव्हा थंडी असते. खरी परीक्षा मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंतची, साधारण 42 दिवसांची. बाहेर पारा चाळिशीच्या वर, वरच्या मजल्याचा स्लॅब तापलेला, वर्ग बंद. शिपाईकाकांवर सोडून देऊ नका. ते येतातही, पण मुख्य दाराची किल्ली त्यांच्याकडे आणि वर्गाची दुसऱ्याकडे, असं होतं.

उपाय म्हणजे खालच्या कॅनमधून कुंडीत पाणी ओढणारी कापडी वात. स्नेक प्लांट आणि झेडझेडला तिची गरज नाही. शेवटच्या दिवशी भरपूर पाणी, निथळून, सावलीत. ती 42 दिवस काढतात. उरलेल्या 11 कुंड्यांना वात लावायची, समईची असते तशीच कल्पना, फक्त तेलाऐवजी पाणी. वातीला सोलापूरइतकं सोयीचं गाव नाही: भौगोलिक मानांकन मिळालेला आपला टेरी टॉवेल हीच उत्तम वात. पण टॉवेल जुना, वीस-पंचवीस वेळा धुतलेला हवा. कोऱ्या टॉवेलवरची खळ पाणी चढू देत नाही. एक इंच रुंद, 40 सेंटीमीटर लांब पट्टी कापा. टोक शाईच्या पाण्यात बुडवून टांगा, अर्ध्या तासात चार बोटं रंग चढला तर पट्टी पास. केशाकर्षणाचा धडा यातच होऊन जातो.

वात कुंडी भरल्यावर वरून खुपसून नीट बसत नाही. झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा, पट्टी तळाच्या भोकातून आत घेऊन गोळ्याच्या बाजूनं मध्यापर्यंत चढवा, झाड परत बसवा, कडेनं मिश्रण दाबा. पट्टी मातीला सगळीकडे चिकटलेली हवी. मध्ये पोकळी राहिली तर पाणी तिथेच अडतं. उरलेलं टोक खाली लोंबतं ते 5 लिटरच्या तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये. कॅन आतून साबणानं धुतलेला, बाहेरून जुनं कापड गुंडाळलेला, कारण आत उजेड शिरला की शेवाळ धरतं. पट्टीचं टोक कॅनच्या तळापर्यंत पोचायला हवं. कॅनच्या तोंडात पट्टीभोवती कापूस घट्ट कोंबा, डास आत जाता कामा नये. कुंडी दोन विटांवर, कॅन मधल्या फटीत आडवा, तोंड वरच्या बाजूला कलतं: कुंडीचा तळ आणि पाणी यांत एका वितीपेक्षा कमी अंतर राहिलं पाहिजे. अंतर वाढलं तर कापूस पाणी ओढत नाही. उभा कॅन म्हणून चालत नाही, पाणी उतरत गेलं की अंतर वाढतं.

सुरू करताना माती आणि वात दोन्ही ओली हवीत. कोरडी वात कोरड्या मातीत पाणी चढवत नाही, इथे बहुतेकांचं फसतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तालीम करा. कॅनवर पाण्याच्या पातळीची खूण, सात दिवस हात लावायचा नाही, मग किती उतरलं ते मोजा. सात दिवसांत 700 मिली गेलं तर रोज 100 मिली, 42 दिवसांना 4.2 लिटर, म्हणजे 5 लिटरचा कॅन जेमतेम पुरेल. लिटरभर गेलं तर 6 लिटर लागतील: दुसरा कॅन आणि दुसरी वात लावा, किंवा झाडाची एक तृतीयांश पानं छाटा. पानं कमी तर पाणी कमी. काहीच उतरलं नाही तर वातीचा आणि मातीचा संपर्क तुटला आहे, पुन्हा काढून बसवा.

कॅनमध्ये भरायला पावसाचं साठवलेलं किंवा एसीचं पाणी. वातीवर चाललेल्या कुंडीत पाणी खालून वर जातं आणि सगळे क्षार वरच्या थरात जमतात, बोअरचं पाणी वापरलं तर सहा आठवड्यांत माती पांढरी होते. खत अजिबात नको.

सगळ्या कुंड्या तळमजल्यावरच्या उत्तरेकडच्या खोलीत एकत्र ठेवा, पानाला पान लागेल इतक्या जवळ. खिडकी बंद केली तरी काच झाकू नका. पूर्ण अंधारात मनी प्लांट पिवळा पडतो. पत्र्याच्या खोलीत ठेवायचंच नाही. दारावर कागद लावा: आत झाडं आहेत, रंगकाम करायचं असेल तर या नंबरवर कळवा. सुट्टीत शाळांना रंग लागतो आणि कुंड्या उन्हात व्हरांड्याबाहेर काढल्या जातात, हे ध्यानात ठेवा.

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या दिवशी वाती ओढून काढा आणि फेकून द्या. सुती कापड दोन-तीन महिन्यांत मातीत कुजतं, पुढच्या वर्षी नवी पट्टी. वरचा एक बोट मातीचा थर खरवडून त्या जागी गांडूळखत घाला. पिवळी पानं काढा, पण लगेच उन्हाजवळ नेऊ नका, आठवडाभर तिथेच राहू द्या. मग वाढलेल्या मनी प्लांटच्या दोन-तीन पेरांच्या काड्या कापा, किमान एक पेर पाण्यात राहील अशा उभ्या करा, दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात. स्पायडर प्लांटची लोंबणारी पिल्लं सरळ कुंडीत लावा. पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट पानाचे तुकडे लावून वाढवला तर नवी रोपं साधी हिरवी निघतात, पिवळा काठ हवा असेल तर बुडख्यापासून फुटवा मुळांसकट वेगळा करा. ही रोपं नव्या सहावीच्या मुलांना द्या, आणि प्रत्येकाला पहिल्या दिवशी आपल्या कुंडीचं ओलं वजन करायला लावा.